रेडिएटरचं झाकण

"बघा मामा, काटा चढला," जावई म्हणाला आणि त्यानं घाईघाईनं इंजिन बंद केलं.

बॉनेटखाली पाणी खदखदत होतं. मिस्त्रीनं, त्याच्या सासऱ्यानं, फडक्याला हात पुसले. गाडी चौदा वर्षांची, तिघांच्या हातून गेलेली. जावई तिच्या रंगाला भुलला होता आणि महिन्याभरात ती चार वेळा रस्त्यात उकळली होती.

"रेडिएटर तर नवा टाकलाय," जावई म्हणाला.

"कुणी सांगितलं टाकायला?"

"वाफ तिथूनच येत होती ना."

"वाफ निघते एकीकडे, बिघाड असतो दुसरीकडे, जावईबापू. तीस वर्षं हेच सांगतोय लोकांना. पण वाफ दिसली की तिथंच हातोडा घालायची घाई!"

जावई हसला नाही. त्याची नजर पुन्हा जिन्याकडे गेली. गॅरेजच्या वरच मिस्त्रीचं घर होतं. तिथं जावयाची बायको, म्हणजे मिस्त्रीची एकुलती एक मुलगी, चहा टाकत होती. पाच वर्षांची नात गाडीच्या मागच्या सीटवर झोपली होती.

चोराच्या मनात चांदणं, मिस्त्री मनाशी म्हणाला. मुलगी बापाजवळ काही बोलली तर नसेल, याचीच याला धास्ती.

कारण मिस्त्रीनं गाडीच्या आधी मुलीला पाहून घेतलं होतं. तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ होते. उजव्या मुठीची सालटं निघाली होती. "किसणीवर घासली," एवढंच ती म्हणाली. वळांबद्दल अवाक्षर नाही. पोर लहानपणापासून तशीच, दातओठ खाऊन गप्प बसणारी. सगळे म्हणायचे, थेट बापावर गेलीय.

बाप कसला होता ते बापालाच ठाऊक. बायको होती तोवर त्याचा हात फार चालायचा. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चालायचा. मुलगी गॅरेजमधल्या याच बाकाखाली बसून सगळं बघायची. बायको गेली तेव्हा हात थांबला, पण तोवर वेळ निघून गेली होती. त्या लाजेनं तो अजून जळत होता. त्यानं एकच ठरवून टाकलं होतं: आपल्या मुलीच्या अंगाला कुणी हात लावला, तर तो हात खांद्यातून उपटायचा.

इंजिन निवेपर्यंत तो तपासत राहिला. पट्टा ताठ होता. पंखा हातानं मोकळा फिरत होता. ऑइलची कांडी ओढली. ऑइल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी आत शिरत नव्हतं. नळ्या कोरड्या होत्या. शेवटी फडका टाकून त्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उलटं करून पाहिलं. रबराचा चुरा झालेला, स्प्रिंग तुटलेली.

"सापडलं! रेडिएटर नवा आणि झाकण जुनंच. हे दाबच धरत नाही. मग पाणी लवकर उकळतं, सांडतं, आणि इंजिन तापतं. एवढंसं झाकण, पण गाडीचा जीव घेत होतं."

हे सांगताना बॉनेटवरचा मोठा पाना घसरला आणि दणकन फरशीवर आदळला.

मागच्या सीटवर नातीनं झोपेतच दोन्ही हात कानांवर गच्च दाबले. मिस्त्रीनं ते काचेतून पाहिलं. बाकाखालची ती दुसरी पोर त्याला आठवली.

जावई पाना उचलायला वाकला. भर उकाड्यात गळ्यापर्यंत लावलेली त्याची कॉलर मागून सरकली. मानेपासून खांद्यापर्यंत कातडी सोलून निघाली होती, लालभडक.

"हे काय?"

जावयानं कॉलर ओढली. "परवा रेडिएटर उघडला ना मी, गरम असताना. पाणी उसळलं."

"रेडिएटर काय पाठ करून उघडलास?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मिस्त्रीला कळलंही नाही. जावयाच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"मामा, हळू बोला. तिला ऐकू जाईल."

"जाऊ दे! तिनंच ओतलं ना उकळतं पाणी?"

जावयानं मान खाली घातली. "हो. पण तुम्ही तिला काही बोलू नका. पाया पडतो."

"तिला कशाला बोलू? जीव वाचवायला ओतलं असणार पोरीनं!"

मिस्त्रीनं त्याच्या हातातला पाना हिसकावला. पहिला घाव कोपरावर बसला. हाड काटकन वाजलं. दुसरा बरगडीत. जावयानं हात उगारला नाही, तो पळाला नाही, ओरडलासुद्धा नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला, गुडघे पोटाशी घेतले आणि शाबूत हातानं डोकं झाकलं, रोजचीच सवय असल्यासारखं. ते मुकाट सोसणं पाहून मिस्त्रीचं टाळकं आणखीच सणकलं. तिसरा घाव तोंडावर बसला. रक्ताची चूळ फरशीवर पडली आणि तिच्यात एक दात.

"बोल! हात टाकतोस माझ्या मुलीवर? बोल!"

जावयानं फक्त गाडीकडे पाहिलं, आत पोर आहे ना, म्हणून.

मिस्त्रीनं चौथ्यांदा पाना उचलला. वर स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या. गाडीतली नात उठून बसली होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, हात कानांवर होते, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "आई, पुरे! आई, नको ना मारू पप्पांना!"