पंधरावा पाठ

“तिच्या कानात सांग, दार उघडलं म्हणून,” मोठे गुरुजी म्हणाले. “आणि कुणाला बोलू नकोस म्हणून बजाव. वर्गात मात्र पाठ आहे तसाच चालू दे.”

बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. दर रविवारी प्रार्थनेनंतर मागच्या खोलीत त्या लहान मुलांना धर्मपाठ शिकवत. सव्वीस वर्षं शिकवत होत्या. वर्गाची रीत ठरलेली. बाईंनी पुस्तिकेतला प्रश्न वाचायचा आणि ज्याची पाळी असेल त्या मुलानं उभं राहून उत्तर घडाघडा म्हणायचं. उद्या पंधरावा पाठ होता. ‘जो स्वतःच आपला जीव देतो, त्याचं काय होतं?’ ‘देवाच्या घरचं दार त्याला कधीही उघडत नाही.’

हजेरीप्रमाणे पाळी चिमणीची होती. ती सात वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी तिचे बाबा तसेच गेले होते.

“पाळी बदल की,” गुरुजी म्हणाले. “शेजारच्या पोराला उभं कर. हाय काय आणि नाय काय.”

“बदलली असती. पण तिनं पाठ आधीच वाचून ठेवलाय. काल घरी आली आणि विचारलं, बाई, ते दार आतून लावलंय की बाहेरून?”

गुरुजींना हसू आलं. “बरी आहे की पोरगी. मग काय म्हणालीस?”

“गुरुजींना विचारून सांगते म्हटलं. तर म्हणाली, आतून असेल तर सांगा आतल्यांना, माझे बाबा फार हळू दार वाजवतात. नीट कान देऊन ऐका म्हणावं.”

गुरुजींचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. ऐंशीचे झाले होते. पुस्तिका त्यांनीच तरुणपणी लिहिली होती.

“हे बघ पोरी, इतकी माणसं शेवटची पोहोचवली मी. देवाचं दार कुणासाठी बंद असेल, असं मला नाही वाटत. पण तसं छापलं, तर जे आज कसेबसे तग धरून आहेत त्यांना कोण अडवील? थोडी भीती लागते. म्हणून ज्याच्यावर वेळ येते, त्याला एकट्याला बोलावून खरं सांगतो. बाकीच्यांना पुस्तिका पुरते.”

“चिमणी त्या बाकीच्यांतच बसलेली असते, गुरुजी. कानातलं खरं की वर्गातलं, हे तिनं कसं ठरवायचं?”

“तू ठरवलंस ना. नऊ वर्षांची होतीस. तुझे वडीलही असेच गेले, त्याला महिना झाला नव्हता. माझ्यासमोर उभी राहून हाच पाठ म्हणालीस. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मलाच भरून आलं.”

त्या दिवसानंतर बाईंनी वडलांसाठी कधी हात जोडले नव्हते. जे दार उघडणारच नाही, त्यासाठी देवाला कशाला त्रास द्यायचा, असं नऊ वर्षांच्या मुलीला वाटलं होतं. पुढे सवयच झाली. घरात वडलांचं नावही कुणी काढत नसे. आई तर नाहीच.

“मला कानात कुणी सांगितलं नव्हतं, गुरुजी.”

गुरुजींनी चष्मा चढवला. त्यांना खरोखर नवल वाटलं.

“असं कसं? त्याच आठवड्यात तुझ्या आईला इथं बोलावलं होतं मी. समोर बसवून सांगितलं, पोचले ते, काळजी करू नकोस. किती रडली बिचारी.”

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटचे चार महिने ती अंथरुणाला खिळलेली होती. बाई रोज तिच्या उशाशी बसत.

“ती मला कधीच बोलली नाही,” बाई म्हणाल्या.

“कशी बोलेल? कुणाला सांगायचं नाही म्हणून शब्द घेतला होता मी.” गुरुजी समाधानानं मागं टेकले. “फार पक्की होती तुझी आई. चिमणीला तसंच तयार कर.”