बिबट्यापुढचं गाऱ्हाणं

मुंबईच्या गिरणीतला धाकू १९३२च्या मे महिन्यात बायकापोरं आणि म्हातारीला घेऊन आगबोटीनं गावी आला. राणीच्या बागेत पिंजऱ्यातला वाघ पाहिल्यापासून तो स्वतःला वाघांतला जाणकार समजायचा. वाटेवरचा नाटे गावचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान, ओलांडताना त्यानं सगळ्यांना बजावलं, "वाघ दिसला तर कोणी ब्र काढायचा नाय. गप उभं ऱ्हायाचं!"

तेवढ्यात दहा पावलांवर बिबट्या उभा राहिला. सगळे चिडीचूप. धाकूच्याच तोंडून मात्र हळूच गाऱ्हाणं सुटलं, "बा देवा म्हाराजा, पोराबाळांस्नी सुखरूप घरी ने रे…"

देवळात देतात तसाच मागून अख्ख्या घरानं खणखणीत रुकार दिला, "व्हय म्हाराजा!"

 

बिबट्या डावीकडच्या करवंदीच्या जाळीत पळाला आणि धाकू उजवीकडच्या.