मुलीचा अहवाल

पत्रिका जुळली होती. आता मुलाकडचे तब्येत तपासणाऱ्या कमोडच्या आठवडाभराच्या अहवालाची वाट बघत होते. हल्ली लग्नाआधी तो मागतातच. शर्वाणीच्या गुदाशयाला सूज होती. औषधाने ती आटोक्यात होती, पण कमोडपासून काय लपणार?

"आठवडाभर तू नलूमावशीकडे जा," आई म्हणाली. "तुझ्या नावावर मी बसते. मला काय धाड भरलीय?"

आई जन्मात कमोडवर बसली नव्हती. तिला मागच्या दारचा जुना संडासच लागे. शर्वाणीला हे पटलं नाही, पण बाबांचा चेहरा बघून ती मावशीकडे गेली.

शर्वाणी परत आली त्या रविवारी अहवाल दोन्ही घरी एकदमच पोचला. बाबांनी तो मोठ्याने वाचला. गुदाशयात गाठ होती, आणि ती पसरली होती.

"आई, तुला रक्त जात होतं?"

"मूळव्याध समजत होते गं. असल्या गोष्टी काय सांगत सुटायच्या?"

मग आईनेच बाबांचा फोन त्यांच्या हातात ठेवला.

"आधी त्यांना कळवा," ती म्हणाली, "हे माझं आहे म्हणावं. पोरीला नुसती सूज आहे."