धरलेली जागा

लातूरच्या त्या क्लासला एवढी गर्दी, की पुढच्या बाकावर बसायचं तर सकाळीच येऊन रुमाल टाकावा लागे. लोह्याहून आलेल्या आरतीला मागून फळा दिसत नसे. पण ती कितीही लवकर आली, तरी पहिल्या बाकाच्या कोपऱ्यावर एक धुतलेला, निळ्या चौकटींचा रुमाल आधीच असायचा. तिथं बसायला मात्र कधीच कुणी यायचं नाही.

वकार सर इंग्रजी ग्रामर शिकवत. त्र्याण्णव साली दहावीला असताना ते स्वतः याच खोलीत शिकले होते. फळ्यावर वाक्य लिहून ते एकेकाला पॅसिव्ह व्हॉइस करायला लावत. रुमालापाशी आले की तिथंही उत्तरासाठी थांबत, मग "करेक्ट" म्हणून पुढं सरकत. पोरं हसू दाबत.

जानेवारीत एकदा आरतीनं तो रुमाल उचलला आणि सरळ तिथं बसली.

"ऊठ बेटा," सर हळूच म्हणाले. "हरिओमची जागा हाय ती. माझा दोस्त. गणपती विसर्जनाला गावाकडं गेलाय. मला म्हणला, रुमाल टाकून ठेव, पहाटेच्या एसटीनं येतो."

"पण सर, गणपती होऊन लई दिवस झाले की. गाव कोणतं त्यांचं?"

सरांनी रुमाल झटकला आणि पुन्हा त्याच जागी नीट अंथरला.



"किल्लारी."