दोन्ही कान

बाळ झोपत नव्हतं, आणि ते झोपल्याशिवाय कानांची तपासणी होणार नव्हती.

चिंचवडच्या त्या दवाखान्यातली खोली लहान. आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद. योगिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी तिचा नवरा समाधान. दोघंही जन्मापासून बहिरी. दोघंही चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. तिथं त्यांच्यासाठी भोंग्याऐवजी दिवा लागतो. समोरच्या बाकावर योगिनीचे आईवडील. सावित्रीबाई लेकीशी हातांनी बोलत होत्या. ज्योतीराम नातवाकडं बघत अभंग गुणगुणत होते. दिघीच्या देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहणाऱ्यांत ते कायम असत.

"आबा, जरा शांत बसा," तपासणी करणारी विजयश्री म्हणाली. "मशीनला तुमचाच आवाज ऐकू येईल."

"येऊ द्या की. देवाचंच नाव हाय," ज्योतीराम म्हणाले, पण थांबले.

गप्प बसणं त्यांना फार वेळ जमलं नाही. "आई बहिरी, बाप बहिरा. मग निम्मी आशा धरायची का, मॅडम?"

"निम्मी नाही, आबा. दोघांचं जन्मजात आहे, तेव्हा बहुतेक एक तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही." विजयश्रीनं आवाज खाली आणला. "असं समजा, मूल घडताना प्रत्येक पार्टचे दोन नग येतात. एक आईकडून, एक बापाकडून. त्यातला एक चांगला असला तरी काम भागतं. ह्या दोघांच्या कानाच्या कुठल्यातरी पार्टचे दोन्ही नग खराब आहेत. दोघांचा तो पार्ट एकच असेल, तर बाळाला चांगला नग देणार कोण? पण तिचा वेगळा असेल आणि ह्यांचा वेगळा, तर जे तिच्याकडं नाही ते ह्यांच्याकडून मिळतं. मग होतील तेवढी मुलं ऐकणारी."

ज्योतीरामांचा सगळा जन्म भोसरीच्या एका कंपनीत माल तपासण्यात गेला होता. त्यांना हे लगेच पटलं.

"म्हणजे दोन्ही व्हेंडरचा माल एकाच जागी खराब निघाला, तरच रिजेक्ट."

योगिनीनं मान वर केली. ती त्यांच्या ओठांकडं बघत होती.

"तो शब्द तिला कळतो," सावित्रीबाई म्हणाल्या. "रोज कंपनीत बघती."

"मी आपलं मालाचं बोलत हुतो," ज्योतीराम म्हणाले, आणि त्यांनी नजर बाळाच्या दुपट्यावर नेली.

विजयश्रीनं विषय बदलला. "मावशी, तुम्ही दोघं नात्यातली का?"

"मी ह्यांच्या मामाची."

"मग एकाच घरातला खराब नग दोघांकडं आला असणार. एकेकच, म्हणून तुम्हाला दोघांनाही ऐकू येतं. योगिनीच्या वाट्याला नेमके ते दोन्ही आले."

"आमच्या घरात कुणी बहिरं न्हाई," ज्योतीराम म्हणाले.

"दिसत नाही, आबा. पण असतं."

सावित्रीबाईंनी पदर सारखा केला. "ऐकलंत का? इतकी वर्सं माझ्या एकटीच्या माहेरावर ढकलत आलात. माहेर माझं, ते आजोळ तुमचं. आन् निम्मं तर तुमी सवताच आणलंत."



बाळाचा डोळा लागला. विजयश्रीनं बारीक नळी त्याच्या डाव्या कानात बसवली. मशीनच्या पडद्यावर रेषा चढू-उतरू लागल्या. ज्योतीरामांनी हात जोडले. समाधान पडद्यावरून नजर हलवत नव्हता. हिरवा दिवा लागला. मग उजवा कान. पुन्हा हिरवा.

"दोन्ही पास," विजयश्री म्हणाली.

सावित्रीबाईंनी हातांनी सांगायच्या आतच समाधान उठला होता. हिरव्या दिव्याचा अर्थ त्याला सांगावा लागत नव्हता. त्यानं विजयश्रीला अंगठा दाखवला, सासऱ्यांच्या पाया पडला. मग त्याचं लक्ष बायकोकडं गेलं, आणि तो परत खाली बसला.

योगिनीनं बाळाला मांडीवर सावरलं, हात मोकळे केले. ती आईला काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती.

"आनंद झालाय तिला," ज्योतीराम म्हणाले.

"न्हाई. ती इचारती," सावित्रीबाई सावकाश म्हणाल्या, "ह्यो बोलाया लागला की माझ्याकडं बघायचं सोडंल का? म्हणती, ऐकू येणारी माणसं बोलताना बघत न्हाईत. पाठ करून बी बोलत्यात."

ज्योतीराम बाळावर वाकले होते. त्याच्या कानाच्या पाळीवरून त्यांनी बोट फिरवलं. "येडी का काय. तिला म्हणावं, मी हाय की. मी बोलंन त्याच्याशी. समदे अभंग शिकवंन."

सावित्रीबाईंचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"सांग की तिला."

"तुमीच सांगा."

"मला कुठं येतंय तसलं?"

"तिच्या जन्मापासनं हेच ऐकते मी."

विजयश्री मशीनची वायर गुंडाळू लागली. समाधान सासऱ्यांकडं बघत होता.

ज्योतीराम सरळ झाले. लेकीच्या खांद्याला त्यांनी हात लावला, तशी तिनं वर बघितलं. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग दोन्ही हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

योगिनी त्या हातांकडं बघत राहिली. तिला घाई नव्हती.