पडलेल्या मंत्र्याची मिरवणूक

शंख वाजला तसा रेजी नोएल खिडकीपासून मागे सरला. मिरवणूक चढणीला लागली होती. पुढे विल्टन, त्याच्याच हातात शंख, बाजूला ढोलवाला. मागे चौघांच्या खांद्यावर फळकुटांची शवपेटी आणि तिच्यामागे निम्मं गाव, गळा काढून खोटं खोटं रडणारं. ग्रेनाडा बेटावर निवडणूक हरलेल्याची अशी पेटी काढायची हौस जुनीच. मागच्या निवडणुकीत रेजी जिंकला तेव्हा त्यानेही विरोधकाची काढली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच रडला होता.

"आई, दार लाव," तो म्हणाला.

व्हर्ना पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "का? कोण मेलंय?"

रेजीची बॅग भरून तयार होती. सकाळच्या विमानाने तो बहिणीकडे ब्रुकलिनला निघाला होता. परत कधी, ते त्याने आईला सांगितलं नव्हतं, कारण परत यायचंच नव्हतं. लाख-सव्वा लाख माणसांच्या देशात पडलेला मंत्री तोंड लपवणार कुठे? इथे न्हावी मतदार, पाद्री मतदार, मासे विकणारी आतेबहीण मतदार, आणि कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना ठाऊक. त्याला लाज वाटत होती. शाळेत नापास झालेल्या पोराला वाटते तशी, साधी, सपाट लाज.

मिरवणूक फाटकाशी थांबली. विल्टन शाळेत रेजीच्याच बाकावर बसायचा. त्याने शंख काखेत मारला आणि ओरडला, "मिनिस्टर कशाने गेले हो?"

"तहानेने!" गाव ओरडलं.

"आणि नळाचं पाणी कुठाय?"

"भाषणात!"

हसण्याचा फवारा उडाला. व्हर्नाने मांडीवरची टरफलं झटकली आणि ती उठली.

"विल्टन, पेटी दारापर्यंत आणलीस, आता आत आण. मला माझा मुलगा बघू दे."

विल्टन गोंधळला. पेटी फाटकाशी थांबवायची, चार शिव्या हासडायच्या आणि पुढे समुद्रावर जायचं, एवढंच त्याला माहीत होतं. "टांटी, गंमत आहे हो ही," तो म्हणाला. गावातल्या वडीलधाऱ्या बाईला सगळे टांटी, म्हणजे मावशी, म्हणत.

"असू दे की. गमतीतला तर गमतीतला. आईला न दाखवता नेतोस होय?"

चौघांनी पेटी पडवीत टेकवली, झाकण काढलं. आत केळीचा खुंट होता. त्याला पांढरा शर्ट चढवलेला, वर काळा टाय. व्हर्ना वाकून बराच वेळ बघत राहिली. दाराआडून रेजीही बघत होता.

"हा शर्ट माझ्या दोरीवरचा आहे," ती म्हणाली.

"परत आणून देणार होतो, टांटी."

"देशील रे. पण कॉलरला केळीचा चीक लागलाय. असल्या कॉलरनं माझा मुलगा मातीत जायचा नाही. काढ तो."

विल्टन गुडघ्यावर बसला आणि खुंटाच्या छातीवरची बटणं एकेक करून सोडू लागला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, पण त्याला साथ मिळाली नाही. शर्ट निघाला. उरलेल्या उघड्या खुंटावर रडायला कोणालाच जमेना. मग ढोलवाला उतरणीला लागला, त्याच्यामागे बाकीचे. पेटी त्यांनी तशीच उचलून नेली, झाकण वेगळं.

व्हर्ना शर्ट घेऊन आत आली. "रेजी, बादली घे आणि पाणी आण."

"टाकीत नाही?"

"नाताळापासून टाकीचा तळ दिसतोय. तुला किती वेळा सांगितलं होतं."

"मला वाटलं, तू गावाचं सांगतेयस."

"मग मी कुठे राहते?"

रेजीने बॅगेकडे पाहिलं. "आई, खाली सगळे असतील. मी नाही जाणार. नवा शर्ट घेऊन देतो, दहा घेऊन देतो."

"चीक वाळला की तो डाग शर्ट फाटेपर्यंत जात नाही. आत्ता जा." तिने बादली त्याच्या पायाशी ठेवली. मग आवाज जरा उतरवून म्हणाली, "विमान काय, उद्या आहे."

नळ खालच्या वळणावर होता. सगळे तिथेच होते. मघाचे खांदेकरी, मघाच्या रडणाऱ्या बायका, आता आपापल्या बादल्या घेऊन. पेटी भिंतीला उभी करून ठेवली होती. रेजीला येताना पाहून बोलणी थांबली. शिव्या ऐकायची तयारी करून तो आला होता, पण सगळ्यांनी नळाकडे तोंड फिरवलं. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रांग लांब होती आणि हलत नव्हती. नळाखाली एक बाई रिकामी बादली धरून उभी होती. रेजीने आपली बादली शेवटी, विल्टनच्या बादलीमागे ठेवली. नुसतं उभं राहणं असह्य झालं तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पाणी कधी येतं?"

विल्टनने आधी नळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ते तू सांगणार होतास," तो म्हणाला, आणि बादली पायाने सरकवून त्याने रेजीला सावलीत जागा करून दिली.