ड्रायव्हरसकट वजन

लिओटा ट्रॅक्टरवर चढायला आली ती ऑरिनचा हिवाळी कोट घालून. जुलै महिना, आयोवातलं ऊन, जत्रेतली डुकरंसुद्धा सावलीला आडवी झालेली, आणि ही बया गळ्यापर्यंत बटणं लावून उभी.

"अगं, बर्फ पडणारे का आज?" ऑरिनने विचारलं.

"वाऱ्याने थंडी वाजते मला. तू आपलं इंजिन बघ, म्हाताऱ्या."

तो इंजिनच बघत होता. अख्खा हिवाळा त्याने दुसरं काही बघितलंच नव्हतं. त्याच्याच वयाचा तो लाल फार्मॉल ट्रॅक्टर. त्याचे सिलिंडर त्याने वाढवून घेतले होते, मोठे पिस्टन बसवले होते, हेड घासून पातळ केलं होतं. लिओटा जेवण शेडमध्येच आणून ठेवायची. तो इंजिनाकडे बघत जेवायचा आणि इंजिनाकडे बघतच "छान झालंय" म्हणायचा. ती जेवली की नाही, हे विचारायचं कधी त्याच्या डोक्यात आलं नाही.

इंजिन बनवायचं त्याने आणि जत्रेतल्या वजन ओढायच्या शर्यतीत ट्रॅक्टर चालवायचा तिने, ही त्यांची लग्नापासूनची वाटणी. ऑरिनचा हात म्हणजे घण, आणि थ्रॉटलला हवा हलका हात. इतकं करून दरवर्षी दुसरा नंबर. पहिला नेहमी शेजारचा डुएन. तो जत्रेहून परतताना मुद्दाम यांच्या फाटकापाशी हॉर्न वाजवायचा. यंदा त्याची जिरवायची, एवढी एकच इच्छा ऑरिनला उरली होती.

लिओटा जपून, दोनदा थांबून सीटवर चढली.

"म्हातारी झालीस गं," तो म्हणाला.

"तू झालास म्हणून सोबत केली," ती म्हणाली.

काट्यावर ट्रॅक्टरचं वजन ड्रायव्हरसकट होतं. त्यांच्या गटाची मर्यादा साडेपाच हजार पौंड. एक पौंड जास्त भरला की बाद. कमी भरलं तर चालतं, पण मग चाकांची पकड तेवढी कमी. म्हणून शहाणा माणूस मर्यादेला अगदी टेकून राहतो. मे महिन्यात गावातल्या धान्याच्या काट्यावर ऑरिनने लिओटाला सीटवर बसवून, पुढे शिशाच्या कांड्या जोडत जोडत आकडा जुळवला होता. उरलेल्या कांड्या नंतर शेडमधून नाहीशा झाल्या. त्याचा आळ अर्थातच डुएनवर.

"साडेपाच हजार! ना इकडे, ना तिकडे," काट्यावरचा मर्ल ओरडला. "ऑरिन, तू इंजिन बनवतोस की औषधाच्या पुड्या बांधतोस?"

ऑरिनची छाती फुगली.

मागे ओढायची घसरगाडी जोडली गेली; ती सर्वांत लांब नेईल तो पहिला. ही गाडी भारी खट. तुम्ही पुढे जावं तसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं आणि तुम्हाला जमिनीत दाबत जातं. डुएनचा ट्रॅक्टर शेवटच्या रेषेच्या थोडा अलीकडे धापा टाकून थांबला होता. लिओटाने थ्रॉटल हळूहळू उघडलं. इंजिन घुमलं, पुढची चाकं हातभर उचलली गेली, धुराड्यातून काळा लोट निघाला. मध्ये एकदा आवाज खाली बसला तेव्हा ऑरिनने श्वास रोखला. तिने थ्रॉटल केसभर मागे घेतलं, पुन्हा दिलं. लाल फार्मॉल रेषेच्या पार गेला.

ऑरिन धावला. चारचौघांत बायकोचा हात न धरणारा माणूस, पण तो मागच्या दांड्यावर चढला आणि त्याने तिला मिठी मारली. ती घामाने निथळत होती.

"काढ तो कोट, मरशील उकडून!"

"राहू दे."

"आता कसली थंडी?" त्याने हसत हसत बटणं सोडून कोट ओढून काढला. कोट इतका जड, की हातातून निसटून खाली पडायलाच आला. आतल्या बाजूने नवे खिसे शिवलेले होते, तिच्याच बारीक टाक्यांचे. खिशांत शिशाच्या कांड्या.

त्याचं तोंड उतरलं. सुटं वजन खिशात लपवायचं म्हणजे सरळसरळ लबाडी.

"चोरून जिंकायचं होतं का आपल्याला?"

जिंकणाऱ्याला पुन्हा काट्यावर जावं लागतं. तिने ट्रॅक्टर तिकडे वळवला. ऑरिन कोट उराशी धरून मागून चालत गेला. मर्लला सगळं सांगायचं आणि कप डुएनला देऊन टाकायचा, हे त्याने ठरवलं होतं.

"चोवीस पौंड कमी," मर्ल म्हणाला. "कमी चालतं. कप तुझाच. पण बघ, ट्रॅक्टरचं काहीतरी सुटून पडलंय मैदानात."

ऑरिन ट्रॅक्टरभोवती फिरला. पुढची वजनं जागच्या जागी. एकेक नट, एकेक बोल्ट जागच्या जागी. मे महिन्यात कोटाशिवायच आकडा बरोबर आला होता, मग आज कोटाशिवाय कमी का? ट्रॅक्टरचं तर काहीच कमी झालं नव्हतं.

त्याने वर बघितलं. तिचा सदरा दांडीवर वाळत घातल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. मनगटातलं घड्याळ सरकून कोपरापाशी गेलं होतं.

"लिओटा," तो म्हणाला.

"डॉक्टर म्हणाले, मक्याची कापणी बघेन कदाचित." तिने इंजिन बंद केलं. "आधी सांगितलं असतं तर तू मला आज सीटवर बसू दिलं नसतंस. आणि काट्यावर कमी भरले असते तर तिथेच तुला कळलं असतं. तू मला धरून वजन जुळवलं होतंस ना, ऑरिन. मी तेवढी उरले नाही रे."